हात वर केला की थांबायचं

"पोरगी हलगी वाजवती म्हणं तुजी. मग यात्रेला धाड की. तुमच्या घरचंच काम हाय ते."

यात्रेचा कारभार बघणारे आप्पा देवळाच्या पायरीवर बसले होते. मी खाली उभा होतो, उन्हात. यात्रेच्या मीटिंगला बोलावलंय असा निरोप आला होता. आमच्या वस्तीकडून वर्गणी नेतात, मीटिंगला कधी कुणाला बोलवत नाहीत. मला वाटलं, माझं वय झालंय, बायको नुकतीच गेलीय, माणसं मान देत असतील. म्हणून धुतलेला सदरा घालून गेलो. मूर्ख माणूस.

मोबाईल या हातातून त्या हातात चालला होता. त्यात माझी लेक होती. आमच्या अंगणात, हलगी छातीशी धरून वाजवत होती. कुणीतरी रस्त्यावरून, कुंपणाच्या आडून काढलं होतं. वाजवता वाजवता ती एकदा हसली. तेवढाच तुकडा ते परत परत लावत होते.

"हसतीया बग. दात दिसत्यात," आप्पा म्हणाले. "आन पोलिसात म्हणती, माज्यावर अत्याचार झालाय."

"अत्याचार आपल्या कानावर व्हतोय, आप्पा," मागून एक जण म्हणाला.

सगळे हसले. माझ्याबरोबर शाळेत बसलेला एक म्हातारा होता, तो पण हसला. मग माझ्याकडं बघून मिशी पुसायला लागला.

"हे बग," आप्पा म्हणाले, "केस माघारी घे. पोरीला यात्रेत वाजवू दे. तिला मानाचा नारळ देतो, साडी देतो. गाव म्हणंल, झालं गेलं. न्हाई तर हे समदं कोर्टात दावतो. कुटली बाई तसं झाल्यावर ढुमढुम वाजवत बसंल? सांग की. तूच सांग."

मी वळलो आणि चपला घालायला लागलो. अंगठा पट्ट्यात जाईना. दोनदा घसरला. मागं परत हसणं झालं. ते माझ्या चपलेला हसत होते की लेकीला, मला कळलं नाही. चपला हातात घेऊन घरी आलो.

आता सरळ सांगतो. या आप्पांच्या पुतण्यानं माझ्या लेकीवर अत्याचार केला. धरणाच्या पाण्याकडेला शहरवाल्यांचे बंगले आहेत, तिथं तो देखरेखीला होता. माझी लेक तिथं स्वयंपाकाला जायची. तिशीतली बाई, नवऱ्यानं टाकलेली, स्वतःचं पोट स्वतः भरणारी. काय झालं, कसं झालं, ते मी लिहिणार नाही. ते तिचं आहे. तिनं पोलिसांना सांगितलंय, कोर्टात सांगायचं बाकी आहे. तिचं नावही लिहिणार नाही. मला लाज वाटते म्हणून नाही. ती म्हणाली, "आबा, नाव नका लिहू," म्हणून.

पुतण्या जामिनावर सुटला. आमच्या वस्तीवरून गाडी नेतो. मुद्दाम सावकाश.

लेकीनं बोलणंच सोडलं. दाराशी पाऊल वाजलं की ताटावरून उठायची. अंघोळ करून यायची आणि परत पाणी तापत ठेवायची. तिची आई तिच्याजवळ नुसती बसून राहायची. पौडच्या दवाखान्यातल्या नर्सबाईनं तिच्या आईला एक पत्ता दिला. महाळुंग्याला नव्या टोलेजंग इमारती झाल्यात, त्यांच्या मागं एका जुन्या घरात एक खोली. अशा बायकांना तिथं गाण्या-वाजवण्यातून आधार देतात म्हणे.

मी म्हणालो, "भजनी मंडळ हाय व्हय? टाळ कुटून काय व्हनार हाय?"

म्हातारी म्हणाली, "तुमी गप बसा. तुमच्या बोलण्यानं काय झालं आजपातूर?"

ती लेकीला घेऊन जायला लागली. पिरंगुटला उतरायचं, तिथून चांद्याच्या रस्त्यानं जाणारी दुसरी बस. येताना दोघी दमून यायच्या. एकदा चुलीपाशी लेक काहीतरी गुणगुणली. शब्द नव्हते, नुसता आवाज. म्हातारीनं मला खुणेनं बाहेर घालवलं. मी असलो की ती बंद पडेल म्हणून. माझ्याच घरातून मी हळूच बाहेर गेलो आणि कुडाला कान लावून उभा राहिलो.

मग थंडीत म्हातारी गेली. छातीत कळ आली, दवाखान्यापर्यंत पोचलो नाही. लोक म्हणतात तिचं वय झालं होतं. मी म्हणतो, तिला त्या पुतण्यानं मारलं. असं कोर्टात चालत नाही, माहीत आहे मला. पण मी म्हणतो.

आता लेकीला न्यायचं कोणी? मीच. बसमध्ये खिडकीची जागा म्हातारीची असायची. मी अजून तिथं बसत नाही.

त्या खोलीत पुरुषांना येऊ देत नाहीत. बाहेर बाकडं होतं, मी त्यावर बसायचो. आतून कधी पेटीचा एकच सूर बराच वेळ यायचा. कधी बायका एकत्र श्वास सोडायच्या, जात्यावर बसल्यासारख्या. कधी रडण्याचा आवाज. आणि एकदा आतून हलगी वाजली.

मी ताडकन उभा राहिलो.

माझा बाप हलगी वाजवायचा. हौस म्हणून नाही. गावानं आमच्या घराला ते काम लावलं होतं. लग्न त्यांचं, पुढं बाप. मयत त्यांची, पुढं बाप. यात्रा त्यांची, देव त्यांचा, आणि देवळाच्या बाहेर बाप. मी लहान होतो, हलगी शेकायला जाळ करायचो. कातडं गार पडलं की आवाज बसतो, म्हणून.

एका लग्नाची वरात देवळापाशी आली. तेव्हा आप्पांचा बाप जिवंत होता, गावाचा कारभार त्याच्याकडं. त्यानं हात वर केला की वाजवणं थांबवायचं, अशी रीत. त्या दिवशी तो हात वर करायला विसरला. पंगत बसली. तो जेवला. पान खाल्लं. पाहुण्यांशी बोलत बसला. माझा बाप वाजवतोय. बोट फुटलं, हलगीच्या कड्यावर रक्त आलं. मी म्हणालो, "दादा, थांब की." बाप म्हणाला, "त्यांनी हात न्हाई केला वर."

आम्ही धम्म घेतला तेव्हा बापानं विळा घेऊन हलगीचं कातडं फाडलं. कडं नदीत टाकलं. सगळ्या वस्तीनं टाकलं. बाप म्हणाला, "आपल्या घरात हिला पुन्हा कुणी शिवायचं न्हाई." त्यानंतर गावानं आमचं पाणी तोडलं, काम तोडलं. बापानं डोंगरात लाकडं तोडून आम्हाला जगवलं. पण हलगी धरली नाही.

आणि इथं माझ्या लेकीच्या हातात हलगी.

त्या दिवशी संपल्यावर मी तिथल्या ताईंना गाठलं. शहरातल्या, चष्मावाल्या, माझ्या लेकीपेक्षा थोड्या मोठ्या. मी विचारलं, "हलगी कुणी दिली तिला? आमची जात बगून दिली का?"

ताईंचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "नाही आबा. चटईवर सगळंच ठेवलेलं असतं. ढोलकी, खंजिरी, घुंगरू, पेटी. जिला जे हवं ते ती घेते. तिनं हलगी उचलली."

"काढून घ्या."

"मी नाही काढून घेणार. तुम्ही सांगा तिला."

मी लेकीकडं बघितलं. ती चप्पल घालत होती. किती दिवसांनी तिच्या कपाळाला घाम आला होता, कामावरून आल्यासारखा. मी सांगितलं नाही.

पुढं एकदा ताईंनी आतल्या सगळ्या बायकांना विचारलं आणि त्यांनी हो म्हटल्यावर मला दाराशी खुर्ची टाकून बसू दिलं. घरच्या माणसालाही कळावं म्हणून. तिथं कुणी कुणाला विचारत नव्हतं, काय झालं तुला. आधी नुसता श्वास. मग पायानं ठेका. मग एकीनं वाजवायचं, बाकीच्यांनी तिच्यामागं जायचं. ती सावकाश तर सगळ्या सावकाश. आणि एक नियम होता. कुणालाही नको वाटलं की तिनं हात वर करायचा. हात वर केला की सगळ्यांनी थांबायचं. का, ते विचारायचं नाही.

माझी लेक वाजवत होती. रंगात आलं होतं. मध्येच तिचा चेहरा बदलला, कुठं गेली कोण जाणे, आणि तिनं हात वर केला.

खोली एकदम थांबली. ताईंचा हात पेटीवर तसाच राहिला. एकीच्या पायात घुंगरू होते, तिनं पाय उचललेला होता तो खालीही टेकवला नाही.

माझी लेक आपल्या हाताकडं बघत राहिली. जणू तो हात तिला आजच फुटला होता. मग तिनं हात खाली घेतला. थोड्या वेळानं परत वर केला, उगाच. परत सगळ्या थांबल्या. ती हसली.

मी खुर्चीवर बसून डोळे पुसले. तिनं ज्या दिवशी नको म्हटलं होतं त्या दिवशी कुणी थांबलं नव्हतं.

त्यानंतर ताईंनी तिला ती हलगी घरी नेऊ दिली. सकाळी धुणं झालं की ती अंगणात वाजवायची. मी घरात बसायचो, बापाची आठवण यायची. पण ती जेवायला लागली होती. मला "आबा, भाकरी घेता का?" विचारायला लागली होती. मी हलगी सोसली.

तेवढ्यात तो मोबाईल, आणि ती मीटिंग.

घरी आलो तर वस्तीत सगळ्यांना आधीच कळलं होतं. माझा चुलतभाऊ सुदाम विहारातून उठून आला. वस्तीत त्याचा शब्द चालतो. म्हणाला, "आपल्या बापांनी उपाशी राहून टाकली ती हलगी. तू परत वस्तीत आणलीस. आता ते यात्रेला वाजवा म्हणत्यात. उद्या पोरांना म्हणतील, मढ्याम्होरं वाजवा. कुणामुळं?"

"पोरीला बरं वाटतंय, सुदाम."

"तिला गाणं शिकव. पेटी शिकव. हलगीच पायजे?"

तो चूक बोलत नव्हता. तेच तर वाईट. तो माझ्या बापाच्या तोंडानं बोलत होता.

मी सरकारी वकीलबाईंना फोन लावला. चांगली बाई, नेहमी नीट बोलते. ती म्हणाली, "असा व्हिडिओ फिरवणं हाच गुन्हा आहे, आपण तक्रार देऊ. पण आबा, तिची साक्ष होईपर्यंत वाजवणं बंद ठेवा. समोरचे त्याचा वापर करतील. लोकांना वाटतं, अशी बाई रडतच राहिली पाहिजे."

"मंग रडली न्हाई तर खोटी?"

ती म्हणाली, "सध्या बंद ठेवा."

म्हणजे आप्पा म्हणतात, वाजव, आमच्यापुढं वाजव. सुदाम म्हणतो, वाजवू नको, इज्जत जाते. वकीलबाई म्हणते, वाजवू नको, केस जाते. मी कुणाला काय सांगू? जिकडं जावं तिकडं भिंत. म्हातारी असती तर तिनं सगळ्यांना दोन शिव्या हासडून वाट काढली असती. मला तसं येत नाही. मी आयुष्यभर ओझी वाहिली. लवासाच्या डोंगरात बांधकामावर दगड वाहिला, तिथं मुकादम सांगेल तिकडं जायचं. स्वतःची वाट काढायची सवयच लागली नाही.

लेकीला काही सांगावं लागलं नाही. तिनं ऐकलं होतं. हलगी चादरीत गुंडाळून तिनं पत्र्याच्या पेटीमागं सारली. महाळुंग्याला येत नाही म्हणाली. ताईंचा फोन आला तर मान हलवून नको म्हणाली. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसून राहायची. आणि परत पाणी तापायला लागलं. सकाळी अंघोळ, दुपारी अंघोळ. कातडी सोलवटून निघेपर्यंत.

घर शांत झालं. आप्पांना हवं होतं तसं. सुदामला हवं होतं तसं. मी त्या शांततेत बसून होतो आणि मला कळत होतं की लेक माझ्यासमोर बुडतेय. मी तिच्या आईच्या रिकाम्या जागेकडं बघायचो. शिव्या द्यायचो. तिला, मला, सगळ्यांना.

यात्रा तोंडावर आली. एका सकाळी आप्पा स्वतः आमच्या दाराशी आले, दोन माणसं घेऊन. आमच्याकडं वाजवणाऱ्याला ठरवायचं तर घरी जाऊन सुपारी देतात. सुपारी हातात घेतली की शब्द दिला, मग मागं फिरता येत नाही. आप्पांच्या हातात नारळ आणि सुपारी होती. आमच्या दारात त्यांच्या घरातलं कुणी आलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो. वस्ती गोळा झाली. सुदाम विहाराच्या ओट्यावर उभा होता. एका माणसानं मोबाईल काढून समोर धरला.

"घे," आप्पा म्हणाले. "पुढं कर हात. मी दारात आलोय तुज्या, याच्या वर काय मान पायजे? पोरीनं देवापुढं वाजवायचं, वकिलाला सांगायचं, गैरसमज झाला व्हता. माजा पुतण्या बी पाया पडंल तिच्या."

लेक दारात आली. मला वाटलं नव्हतं ती बाहेर येईल. ओल्या केसांनी, नुकतीच अंघोळ करून. चौकटीला टेकून उभी राहिली.

आप्पा तिच्याकडं वळले. "काय गं, अंगणात वाजवती तवा लाज वाटत न्हाई, देवापुढं वाजवायला वाटती? आमच्या वाडवडलांपुढं तुजा आजा वाजवायचा. त्याला काय कमी पडलं? पोटभर जेवून जायचा. आन झालं काय एवढं? पोरगं चुकलं आसंल, मानसाकडनं व्हतं..."

तिनं हात वर केला.

खांद्याच्या वर, तळवा पुढं. जसा त्या खोलीत करायची तसा.

आप्पा थांबले नाहीत. बोलतच राहिले. घराण्याबद्दल, गावाबद्दल, तिच्या नवऱ्यानं तिला का टाकलं असेल त्याबद्दल. तिचा हात वरच होता. कोपर खाली येत होतं, ती परत वर नेत होती. कुणी थांबत नव्हतं. त्यांना तो हात दिसतच नव्हता.

आणि मला माझ्या बापाचं फुटलेलं बोट दिसलं. वाजवणं वाईट नव्हतं. सत्तर वर्षांत पहिल्यांदा मला कळलं. थांबायचं कधी, ते दुसऱ्याच्या हातात होतं, ते वाईट होतं. बापाला स्वतःचा हात वर करता येत नव्हता. त्यानं कातडं फाडलं ते त्यासाठी. आणि आज माझ्या दारात माझ्या लेकीनं हात वर केलाय.

मी दोघांच्या मध्ये जाऊन उभा राहिलो.

"आप्पा, ती थांबा म्हणतीया."

"आं?"

"तिनं हात वर केलाय. थांबायचं."

आप्पा माझ्याकडं बघत राहिले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांचं बोलणं तोडलं होतं. मी बाजूला झालो नाही.

"सुपारी घेत न्हाई," मी म्हणालो. "आमच्या घरातनं तुमच्या यात्रंला कुणी वाजवणार न्हाई. माज्या बापानं टाकलेलं काम मी उचलणार न्हाई. आन केस चालंल."

"मग ह्यो व्हिडिओ कोर्टात जाईल."

"जाऊ द्या."

"म्हाताऱ्या, हितं ऱ्हायचं हाय तुला."

"व्हय. हितंच ऱ्हायचं हाय. म्हणून बोलतोय."

मोबाईलवाला अजून काढतच होता. मी त्याला म्हणालो, "काढलं का नीट? तिचा हात आला का त्यात? तो बी दाव कोर्टाला." त्यानं मोबाईल खिशात घातला.

आप्पांनी नारळ सुपारीसकट आमच्या ओट्यावर आपटला आणि गेले. नारळ फुटला नाही. मी तो उचलून रस्त्याच्या पलीकडं ठेवून आलो.

त्यानंतर काही सोपं झालं नाही. गावातला दुकानदार आम्हाला बघून आत जातो, किराणा पौडवरून आणावा लागतो. यात्रेत बाहेरगावची बेंजो पार्टी आणली वाजवायला. सुदाम माझ्याशी पुरता बोलत नाही. ओट्यावरून फक्त एवढं म्हणाला, "अंगणात वाजवू दे. पर यात्रंच्या दिवशी नको. त्यांना वाटंल, त्यांच्या यात्रंसाठीच वाजलं." मी म्हणालो, "ते बी तिला विचारीन." लेकीचं पाणी अजून तापतं. कमी, पण तापतं. पुतण्याची गाडी अजून वस्तीवरून जाते. ती महाळुंग्याला परत जायला लागली आहे. काही दिवस वाजवते, काही दिवस नुसती बसून येते. ताई म्हणतात, बसून येणंही चालतं. कातडं गार पडलं की जाळ मी करतो. बापाला तोंड कसं दाखवू, हे आता मी स्वतःला विचारत नाही.

तिच्या आईची साक्ष व्हायची होती. लेकीनं पहिल्यांदा आईला सांगितलं होतं, आणि मी तिथंच उभा होतो. आई गेली. आता मला जायचंय. चौथी शिकलेला माणूस, इंग्रजी बोलणाऱ्या वकिलापुढं बावरेल असं आप्पांना वाटतंय. बावरेनही. पण मी जाणार. तारखा पडत राहतील, पडू देत. मी मेलो नाही तर प्रत्येक तारखेला कोर्टाच्या दारात उभा असेन.

त्यांचा वकील मोबाईल लावेल आणि विचारेल, "तुमची मुलगी वाजवते, हसते, हे खरं आहे का?"

मी सांगणार, खरं आहे साहेब. वाजवते. हसते पण. आणि त्यानं केलं ते पण खरं आहे. दोन्ही लिहून घ्या.